तेजोमेघाचे संस्करण : पाठ, प्रक्षेप आणि प्रामाण्य

१

तेजोमेघांची रंगीत छायाचित्रे पाहणाऱ्याच्या मनात बहुधा पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की हे रंग खरे आहेत काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यामागे एक गृहीतक आहे. वस्तू डोळ्यांना जशी दिसते तशीच चित्रात दिसली तर चित्र खरे, एरवी ते खोटे, हे ते गृहीतक होय. तेजोमेघांच्या बाबतीत ते पहिल्याच पावलाला अडखळते. अतिमंद प्रकाशात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी निरुपयोगी ठरतात. काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना रंगभेद कळत नाही. म्हणून मोठ्या दुर्बिणीतूनही बहुतेक तेजोमेघ करड्या, धुरकट डागासारखे दिसतात. प्रत्यक्ष जवळ जाता आले असते तरी फारसा फरक पडला नसता. जवळून तेजोमेघ अधिक विस्तृत दिसेल. त्याच्या एकेका भागाची तेजस्विता मात्र वाढणार नाही. म्हणजे जसेच्या तसे उतरवून घ्यावे असे रंगीत ‘मूळ दर्शन’ येथे उपलब्धच नसते.

ह्यावरून दुसऱ्या टोकाला जाणेही सोपे आहे. मूळ दर्शनच नसेल तर प्रत्येक चित्र ही रचनाच ठरते, आणि सगळ्या रचना सारख्याच काल्पनिक ठरतात, असे म्हणून प्रश्न निकालात काढता येतो. साहित्यविचारात ही दोन्ही टोके परिचित आहेत. कृती वास्तवाचे प्रतिबिंब असते असे मानणारा भोळा वास्तववाद एकीकडे, आणि संहितेबाहेर कशाचीच साक्ष काढता येत नाही असे मानणारा सापेक्षतावाद दुसरीकडे. हौशी छायाचित्रकार रात्रीमागून रात्री प्रकाश गोळा करतो आणि नंतर संगणकावर त्याचे चित्र घडवतो, तेव्हा तो ह्या दोहोंपैकी कोणतीच भूमिका मनापासून घेऊ शकत नाही. चित्र आपण घडवले आहे, हे त्याला ठाऊक असते. ते मनाला येईल तसे घडवता येत नाही, हेही त्याला ठाऊक असते. तेव्हा प्रश्न नेमका असा मांडावा लागतो : जिच्याशी ताडून पाहावे असे मूळ दर्शन नाही, अशा प्रतिमेच्या कर्त्याला खोटे बोलणे शक्य आहे काय? आणि शक्य असेल, तर ते कशाला खोटे ठरते?

२

ह्या प्रश्नाला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेजोमेघ कागदावर येत ते निरीक्षकाच्या हातून. मृगातील तेजोमेघाची निरनिराळ्या निरीक्षकांनी काढलेली रेखाटने एकमेकांशी जुळत नसत. आणि तेजोमेघ बदलला की चित्रकाराचा हात निराळा, ह्याचा निर्णय करणे अवघड होई. हेन्री ड्रेपर ह्यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ह्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. १८८३ मध्ये व्यवसायाने स्वच्छता-अभियंता असलेल्या अँड्र्यू कॉमन ह्या हौशी निरीक्षकाने घेतलेल्या छायाचित्रात असे तारे उमटले की जे दुर्बिणीला डोळा लावूनही दिसत नव्हते. ही घटना लहान नव्हती. तोवर छायाचित्राची कसोटी डोळा ही होती. आता डोळ्याने न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष छायाचित्र देऊ लागले. त्या साक्षीचे प्रामाण्य सादृश्यावर उभे राहू शकत नव्हते. ते उभे राहिले कार्यकारणसंबंधावर : तेथून प्रकाश निघाला, येथे पोहोचला, आणि त्याने खूण उमटवली. चार्ल्स पर्स ह्यांच्या परिभाषेत सांगायचे, तर तेजोमेघाचे छायाचित्र हे प्रतिमाचिन्ह असण्यापूर्वी निर्देशचिन्ह असते.

आजच्या हौशी छायाचित्रकाराच्या हाती ही खूण एकसंध येत नाही. पाच-पाच मिनिटांची शेकडो छायाचित्रे, असा तिचा कच्चा माल असतो. त्यातले कोणतेही एक छायाचित्र उघडून पाहिले तर पडदा जवळजवळ काळा दिसतो. काही तारे, विमानाची किंवा उपग्रहाची एखादी रेघ, आणि सर्वत्र पसरलेला यादृच्छिक गोंधळ, ज्याला नॉइज म्हणतात. मग ही छायाचित्रे ताऱ्यांच्या खुणांनी एकमेकांवर नेमकी बसवली जातात. प्रत्येक बिंदूपाशी शेकडो नोंदींची तुलना होते. ज्या नोंदी इतरांपासून फार दूर पडतात त्या वगळल्या जातात, आणि उरलेल्यांची सरासरी घेतली जाते. नॉइज छायाचित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. शंभर छायाचित्रे एकत्र केली की तो संकेताच्या तुलनेत एक दशांश उरतो. जे चित्र शेवटी हाती येते ते त्या शेकड्यांपैकी एकाही छायाचित्रात नसते.

ह्या प्रक्रियेला मराठीत संस्करण म्हणतात, आणि पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला तिच्यात ओळखीचे काही दिसावे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये सुरू झालेले आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य ह्याच जातीचे होते. तेथेही अनेक साक्षी एकमेकांशी ताडून पाहिल्या गेल्या, आणि सिद्ध झालेली संहिता कोणत्याही एका हस्तलिखितात जशीच्या तशी आढळत नाही.

साम्य येथपर्यंत सरळ आहे. परंतु ते जेथे तुटते तेथेच ते अधिक उद्बोधक ठरते. दोन छायाचित्रांतील नॉइज परस्परांपासून स्वतंत्र असतो, म्हणून तेथे बहुमताला अर्थ आहे. हस्तलिखिते एकमेकांवरून उतरवलेली असतात. एका लेखकाची चूक शंभर प्रतींत जाऊ शकते, आणि तेथे बहुमत फसवे ठरते. म्हणूनच विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनी संख्येपेक्षा परस्परांशी संबंध नसलेल्या परंपरांच्या एकमताला अधिक महत्त्व दिले. छायाचित्रकारालाही अशा वारशाने येणाऱ्या चुका असतातच. कॅमेऱ्याच्या संवेदकातील सदोष बिंदू, भिंगावरची धूळ, शहराच्या उजेडाचा एका बाजूने चढत गेलेला थर, ह्या गोष्टी प्रत्येक छायाचित्रात हजर असतात, आणि कितीही सरासरी काढली तरी जात नाहीत. त्यांच्यासाठी झाकण लावून घेतलेली अंधाराची छायाचित्रे आणि एकसारख्या उजळ पृष्ठाची छायाचित्रे वेगळी घ्यावी लागतात. शिवाय दोन छायाचित्रांच्या मध्ये दुर्बीण किंचित हलवली जाते, म्हणजे संवेदकाचा दोष प्रत्येक वेळी आकाशाच्या निराळ्या बिंदूवर पडतो. साक्षीदारांनी आपसांत संगनमत करू नये म्हणून केलेली ही योजना आहे. तिच्यात तंत्र जितके आहे तितकीच नीतीही आहे.

३

इथवरच्या कामाला फारसे कोणी आक्षेप घेत नाही. वाद सुरू होतो तो रंगापाशी. तेजोमेघाचा बराचसा प्रकाश काही थोड्या वर्णरेषांत एकवटलेला असतो. हायड्रोजनची रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, आयनीभूत सल्फरच्या रेषा ६७१.६ व ६७३.१ वर, ह्या दोन्ही तांबड्या. ऑक्सिजनची मुख्य रेषा ५००.७ वर, निळसर हिरवी. ह्या रेषांपुरताच प्रकाश आत सोडणारे अरुंद फिल्टर वापरून तीन वेगवेगळी कृष्णधवल चित्रे घेतली जातात. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन ह्यांनी १ एप्रिल १९९५ रोजी हबल दुर्बिणीतून ईगल तेजोमेघाची जी चित्रे घेतली, त्यांपासून बनलेल्या प्रसिद्ध प्रतिमेत सल्फरला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे. हौशी छायाचित्रकारांत हीच रंगयोजना रूढ झाली.

हे रंग डोळ्याच्या दृष्टीने खरे नाहीत. तरीही त्यांना खोटे म्हणता येत नाही. कारण ते संकेतचिन्हे आहेत आणि संकेत जाहीर आहे. इतकेच नव्हे, तर हा संकेत पूर्णतः स्वैरही नाही. तिन्ही मूलद्रव्यांच्या तरंगलांबीचा क्रम त्यात राखलेला आहे : सर्वांत आखूड लांबीला निळा, मधल्या लांबीला हिरवा, सर्वांत मोठ्या लांबीला तांबडा. डोळ्याला जवळजवळ एकसारखे दिसणारे हायड्रोजन आणि सल्फर ह्यांचे तांबडे रंग येथे वेगळे होतात. चांगल्या भाषांतरासारखे हे काम आहे. ध्वनी बदलला, भेद राखला गेला.

मात्र तीन फिल्टरांची नावे वाचून संकेत पारदर्शक आहे असे समजणे घाईचे होईल. ज्याला हायड्रोजनचा फिल्टर म्हणतात त्याची रुंदी काही नॅनोमीटर असेल तर त्यातून शेजारच्या नायट्रोजनच्या रेषाही आत येतात. म्हणजे ‘हिरवा म्हणजे हायड्रोजन’ हे वाक्यही एक अर्थनिर्णयन आहे. ऑक्सिजनच्या रेषेची कथा तर ह्या संदर्भात स्मरणीय आहे. विल्यम हगिन्झ ह्यांनी १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाच्या वर्णपटात ती पाहिली. ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेन ह्यांनी दाखवून दिले, की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची रेषा आहे. वाचन साठ वर्षे चुकीचे होते; पण रेषा जागच्या जागी नोंदलेली होती, म्हणून चूक दुरुस्त होऊ शकली. अर्थ चुकला तर पाठ त्याला परत बोलावू शकतो. पाठच बदलला तर परत बोलावणारे कोणी उरत नाही.

ह्या कसोटीवर हौशी संस्करणातील एक रूढ कृती तपासण्याजोगी आहे. बहुतेक तेजोमेघांत हायड्रोजनचा प्रकाश सर्वाधिक असतो. त्यामुळे वरील संकेत प्रामाणिकपणे पाळला तर चित्र बहुतांशी हिरवे होते. हिरवा तेजोमेघ सहसा कोणाला रुचत नाही. म्हणून हिरवा रंग सोनेरीकडे वळवला जातो, आणि उरलेला हिरवा काढून टाकणारी आज्ञावली चालवली जाते. सोनेरी आणि निळ्या रंगांचा जो भव्य मेळ मग दिसतो त्याची मुळे आकाशापेक्षा चित्रकलेच्या इतिहासात आहेत. एलिझाबेथ केसलर ह्यांनी २०१२ च्या आपल्या ‘पिक्चरिंग द कॉसमॉस’ ह्या ग्रंथात हबलच्या प्रतिमांचे नाते अल्बर्ट बियरस्टाट आणि थॉमस मोरान ह्यांनी रंगवलेल्या अमेरिकेच्या पश्चिम भागातील निसर्गदृश्यांशी जोडले आहे. अवकाशात वर आणि खाली नसते. पण ‘सृष्टीचे स्तंभ’ म्हटले की ते उभेच असावे लागतात.

येथे नैतिक दोष आहे तो सौंदर्यदृष्टीचा नव्हे. संपूर्ण चित्रावर एकच नियम लागू करून हिरव्याचा सोनेरी केला, तर संकेत बदलतो, पण तो संकेत राहतो. नियम सांगितला की मूळ प्रमाण परत मिळवता येते. चित्राच्या आवडत्या भागात एक नियम आणि नावडत्या भागात दुसरा, असे झाले म्हणजे त्याच रंगाचा अर्थ चित्रातल्या चित्रात बदलतो, आणि वाचकाला त्याचा पत्ता नसतो. अर्थात सर्वत्र एक नियम ही कसोटीही पुरेशी नाही. मृगातील तेजोमेघाचा गाभा इतका तेजस्वी आहे, आणि कडा इतक्या अंधुक, की दोन्ही एका चित्रात दाखवायचे तर गाभ्याला वेगळे वागवावेच लागते. तसे करणारा अप्रामाणिक ठरत नाही. प्रश्न हस्तक्षेप किती केला हा नाही. तो केल्याची खूण राहिली की नाही, आणि आलेल्या प्रकाशाला कर्त्याचे म्हणणे खोडून काढण्याची मुभा राहिली की नाही, हा आहे.

४

ही मुभा आज एका नव्या बाजूने धोक्यात आली आहे. वातावरणाने अस्पष्ट केलेली प्रतिमा रेखीव करण्याचे गणित जुने आहे. रिचर्डसन आणि ल्यूसी ह्यांच्या नावाने ओळखली जाणारी १९७० च्या दशकातील पद्धत, बिंदुवत् तारा किती पसरला आहे हे मोजते आणि तेवढा पसरटपणा चित्रातून उलटा वजा करू पाहते. हबलचा आरसा सदोष निघाल्यावर, १९९३ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत, अशा पद्धतींचा आधार घेतला गेला. ह्या पद्धतीलाही अतिरेक होतो. पण तो झाला की ताऱ्यांभोवती काळी कडी उमटतात, पार्श्वभूमी रवाळ होते. जाणकाराला पाहताक्षणी कळते की येथे हात जड झाला. तिची चूक चुकीसारखी दिसते.

न्यूरल नेटवर्कवर आधारलेल्या आज्ञावलींचे तसे नाही. सरस चित्रे आणि त्यांचीच मुद्दाम बिघडवलेली रूपे, अशा असंख्य जोड्यांवरून त्या शिकलेल्या असतात. अस्पष्ट भाग दिसला की तेथे बहुधा काय असावे ह्याचा अंदाज त्या भरतात. पुष्कळदा तो अंदाज बरोबर निघतो, आणि वापरणाऱ्याचा वेळ व कष्ट वाचतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अंदाज चुकला तर ती चूक तेजोमेघासारखी दिसते. धूलिमेघाची एखादी शीर अधिक तीक्ष्ण होते, एखादी गाठ सुटी दिसू लागते. आणि हे तेथून आले की येथे घातले गेले, हे चित्रावरून ओळखण्याचा मार्ग उरत नाही.

पाठचिकित्सेत ह्याला नाव आहे : प्रक्षेप. अडाणी लेखकाने केलेली चूक संपादकाला सहसा फसवत नाही. वृत्त मोडते, अर्थ लागत नाही. फसवतो तो व्युत्पन्न लेखक. महाभारत ज्याच्या जिभेवर आहे, अनुष्टुभ ज्याला श्वासासारखा सुचतो, तो गळालेल्या अर्ध्या श्लोकाच्या जागी निर्दोष अर्धा श्लोक घालतो. तो परंपरेला शोभणारा असतो, आणि म्हणूनच काढता येत नाही. संभाव्यता हा काव्याचा गुण आहे. साक्षीदाराच्या तोंडी तो दोष ठरू शकतो. न्यायालयात साक्षीदाराला विचारले जाते ते तुम्ही काय पाहिले हे. अशा प्रसंगी सहसा काय घडते, हे नव्हे.

ह्या धोक्यापुढे चिकित्सित आवृत्तीने जे केले ते अनुकरणीय आहे. तिने संशयित भाग नष्ट केला नाही. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहून घ्यावे ही लोकप्रिय कथा आदिपर्वाच्या सिद्ध पाठातून बाहेर काढली, पण परिशिष्टात छापली. पाठभेद पृष्ठाच्या तळाशी दिले. स्वतःच्या कल्पनेने पाठ सुधारण्याचा मोह जवळजवळ सर्वत्र टाळला. आणि सिद्ध पाठातही जेथे संपादकाची खात्री नव्हती, तेथे अक्षरांखाली एक नागमोडी रेषा ओढली. संपादकाला निर्णय द्यावाच लागतो, कारण वाचकाला वाचायला संहिता हवी असते. आणि निर्णय देत असतानाच त्याची ढिली बाजू दाखवावीही लागते. त्या नागमोडी रेषेत ह्या दोन्ही कर्तव्यांचा मेळ आहे.

तेजोमेघाच्या छायाचित्राखाली अशी रेषा नसते. गुळगुळीत, अखंड पृष्ठ हे प्रतिमेचे बलस्थान आहे, आणि तेच तिचे नैतिक वैगुण्यही आहे. शब्दांच्या संहितेत ‘बहुधा’ म्हणता येते. चित्रात ‘बहुधा’ हा रंग नाही.

५

हा सगळा विचार अनाठायी काटेकोरपणाचा आहे, असे कोणी म्हणू शकेल. हौशी छायाचित्रकार शोधनिबंध लिहीत नाही. त्याचे चित्र भिंतीवर लावायचे असते. ह्या आक्षेपामागे एक आदरणीय सिद्धांत उभा करता येतो. अभिनवगुप्तांनी नोंदवलेल्या श्रीशंकुकाच्या मतानुसार चित्रातील घोडा पाहताना होणारी प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय किंवा सादृश्य ह्यांपैकी कशातच बसत नाही. ती ह्या चारही ज्ञानप्रकारांहून विलक्षण असते. चित्रतुरगावर कोणी स्वार होऊ पाहत नाही, आणि त्याने फसवले अशी तक्रारही करीत नाही. तेजोमेघाचे चित्रही असेच का पाहू नये?

अडचण अशी, की तेजोमेघाचे चित्र स्वतःच तसे पाहू देत नाही. त्याच्याखाली तेजोमेघाचे नाव असते, दुर्बिणीचा व्यास असतो, प्रकाश गोळा केल्याचे तास असतात. हे तपशील रंगवलेल्या घोड्याचे नव्हेत. ते साक्षीचे आहेत. प्रेक्षकाचे विस्मयही त्यांच्यावरच उभे असते. ३१ जुलै २०२२ रोजी फ्रेंच भौतिकीविद एतिएन क्लेन ह्यांनी सॉसेजच्या एका चकतीचे छायाचित्र प्रॉक्सिमा सेंटॉरी ताऱ्याचे म्हणून विनोदाने प्रसृत केले. अनेकांनी ते खरे मानले, आणि नंतर त्यांना क्षमा मागावी लागली. चकती तीच, चित्र तेच. नाव बदलताच विस्मय मावळला. चित्रतुरगाच्या बाबतीत असे होत नाही. जी प्रतिमा साक्षीची प्रतिष्ठा घेते आणि प्रश्न विचारला की कलेच्या स्वातंत्र्याचा आसरा घेते, ती दोन्हीकडचे मोल घेते आणि कोणाचेच ऋण फेडत नाही.

आणि हे ऋण फेडण्यात काय साधते ह्याचे उदाहरणही हौशी छायाचित्रकारांनीच दिले आहे. देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र आयझॅक रॉबर्ट्स ह्यांनी १८८८ मध्ये घेतल्यापासून ती आकाशातील सर्वाधिक चित्रित वस्तूंपैकी एक आहे. तिच्या परिसरात नवे काही सापडेल अशी अपेक्षा नव्हती. २०२२ मध्ये यान सँती, मार्सेल ड्रेक्सलर आणि झेव्हिए स्ट्रॉटनर ह्या हौशी मंडळींनी ऑक्सिजनच्या फिल्टरमधून दीर्घकाळ घेतलेल्या छायाचित्रांत तिच्या शेजारी एक अतिशय अंधुक कमान दिसली. तिची लांबी सुमारे दीड अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या तिप्पट. असा डाग दिसला की पहिला संशय भिंगातील परावर्तनाचा किंवा संस्करणातील चुकीचा येतो. म्हणून निराळ्या दुर्बिणींनी, निराळ्या ठिकाणांहून घेतलेल्या छायाचित्रांत ती शोधण्यात आली. ती तेथेही होती. जानेवारी २०२३ मध्ये हा शोध व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांच्या सहभागाने प्रसिद्ध झाला. कमानीचे स्वरूप काय, ती देवयानीजवळची की आपल्याच आकाशगंगेतली, ह्याविषयी पुढे चर्चा होत राहिली. ती आहे, ह्याविषयी नव्हे.

ह्या प्रसंगाचा अर्थ पाठचिकित्सेच्या भाषेत स्पष्ट होतो. स्वतंत्र परंपरांचे एकमत झाले, म्हणून पाठ स्वीकारला गेला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही कमान संभाव्य नव्हती. देवयानीची तोवरची सगळी चित्रे ज्याने पाहिली आहेत अशा कोणत्याही जाणकाराने, मग तो मनुष्य असो वा यंत्र, ‘बहुधा काय असावे’ ह्या न्यायाने ती पार्श्वभूमीचा डाग म्हणून पुसून टाकली असती. ती उरली, कारण संस्करण करणाऱ्यांनी आपल्या अपेक्षेपेक्षा आलेल्या प्रकाशाला शेवटचा शब्द दिला.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येते. मूळ दर्शन नसलेल्या प्रतिमेच्या कर्त्यालाही खोटे बोलता येते. मात्र ते डोळ्याला दिसणाऱ्या रूपापुढे खोटे ठरत नाही, तर शेकडो अंधाऱ्या छायाचित्रांत विखरून आलेल्या साक्षीपुढे ठरते. त्याचे कर्तव्य कमीत कमी हात लावण्याचे नाही. हात न लावता काळा पडदाच उरतो, आणि काळा पडदा कोणाचीच साक्ष देत नाही. कर्तव्य आहे ते मूळ छायाचित्रे जपण्याचे, कोणत्या टप्प्यावर काय केले हे सांगण्याचे, अंदाज कोठे भरला हे न लपवण्याचे, आणि आपल्या चित्राशी न जुळणारे काही प्रकाशात असेल तर ते टिकू देण्याचे. साहित्यकृतीचा अर्थ लावणाऱ्यावरही ह्याहून निराळे बंधन नसते. प्रत्येक वाचन हे संस्करणच असते. त्याचे प्रामाण्य ठरते ते इतक्यावरच, की वाचकाला नको असलेला शब्द त्या वाचनानंतरही पृष्ठावर शिल्लक आहे की नाही.